पंधरा रोधक, चार स्विच: शाळेच्या बॅटरी-लोडच्या नोंदी

५ मार्च २०२५

संगणक कक्षातल्या यूपीएसच्या बॅटऱ्या तपासायच्या आहेत. वीज गेली की यूपीएस थोडा वेळ ओरडतो आणि मान टाकतो. बॅटऱ्या सीलबंद, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या. नुसता मल्टिमीटर लावला तर सगळ्याच साडेबाराच्या आसपास दाखवतात, त्यामुळे चांगली कुठली आणि मेलेली कुठली ते कळत नाही. बॅटरीकडून काम करून घेताना तिचे व्होल्ट किती टिकतात ते बघायला हवं. म्हणजे लोड हवा, तिच्यातून करंट ओढणारं काहीतरी.

गॅरेजवाले इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतात. पावणेदोन अँपिअर खातो, काम भागतं. पण बल्बाचा रोध पेटलेला असताना ७ ओहमच्या जवळ असतो आणि थंड असताना साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. अशा वस्तूवर नववीच्या पोरांना गणित घालता येत नाही. आणि मला हा लोड ‘धाराविद्युत’च्या धड्यालाही वापरायचा आहे. त्यामुळे साधे रोधक, समांतर जोडलेले, प्रत्येक गटाला वेगळा स्विच. पाव अँपिअरच्या पायऱ्यांनी पावणेचार-चार अँपिअरपर्यंत जाता आलं की पुरे.

७ मार्च

कागदावरचं काम. चार स्विच, त्यांचे करंट १, २, ४, ८ अशा पटीत ठेवले तर स्विचच्या वेगवेगळ्या जोड्यांतून १ ते १५ सगळ्या पायऱ्या मिळतात. पहिली पायरी पाव अँपिअरची, म्हणजे १२ भागिले ०.२५, ४८ ओहम. बाजारात ४८ मिळत नाही, ४७ मिळतो.

पहिला विचार चार वेगळ्या किमतींचा होता: ४७, २२, १२ आणि ५.६ ओहम. सगळ्या बाजारात मिळणाऱ्या. करंट काढले: ०.२५५, ०.५४५, १.० आणि २.१४ अँपिअर. पटी जराशा वाकड्या आहेत, पण अडचण ती नाही. अडचण वॅटची आहे. ५.६ ओहमच्या एकट्या रोधकात १२ चा वर्ग भागिले ५.६, म्हणजे जवळजवळ २६ वॅट उष्णता होते. त्याला ५० वॅटचा, पत्र्यावर बसवायचा रोधक लागेल. ४७ ओहमच्या वाट्याला मात्र फक्त ३ वॅट.

इथे पोरं हमखास उलटं सांगतात: रोध मोठा, म्हणजे तापणार जास्त. एकसर जोडणीत ते बरोबर आहे, कारण तिथे करंट सगळ्यांतून सारखा जातो. समांतर जोडणीत व्होल्ट सारखे असतात, म्हणून ज्याचा रोध लहान तो जास्त करंट घेतो आणि तोच जास्त तापतो.

शेवटी ठरलं ते असं: सगळे रोधक ४७ ओहमचे, १० वॅटचे. गटात १, २, ४ आणि ८ नग. एकूण १५. उष्णता सगळ्यांत सारखी वाटली जाते, दुकानात एकच किंमत मागायची, आणि प्रत्येक नगात थोडाफार फरक असला तरी आठ-आठच्या गटात तो बराचसा एकमेकांत जिरतो.

आता करंट. पुस्तकातली पद्धत म्हणजे एक भागिले रोध, त्यांची बेरीज, मग ती उलटी करायची, मग ओहमचा नियम. बरोबर आहे, पण इथे एवढी वळसे घेण्याची गरज नाही. प्रत्येक रोधकावर १२ व्होल्ट आहेत. एकातून १२ भागिले ४७, म्हणजे ०.२५५ अँपिअर. पंधरा आहेत, गुणिले १५, म्हणजे ३.८३ अँपिअर. झालं. एकूण रोध कुणी विचारलाच तर १२ भागिले ३.८३, ३.१३ ओहम. आधी करंट, मग रोध. व्होल्ट माहीत असतील तेव्हा समांतर परिपथाचं गणित या क्रमाने केलं की गुणाकार-भागाकाराचं जंगल लागतच नाही. एकूण रोध आधी काढावा लागतो तो गटाच्या पुढे किंवा मागे आणखी काही एकसर बसलेलं असेल तेव्हा.

१४.४ व्होल्टलाही बघून ठेवलं, कारण कुणीतरी चार्जर चालू ठेवून लोड लावणारच. प्रत्येकी ०.३०६ अँपिअर, ४.४ वॅट, सगळे मिळून ४.६ अँपिअर, ६६ वॅट. १० वॅटच्या नगाला हरकत नाही. फ्यूज ५ अँपिअरचा.

१० मार्च

बार्शीत ४७ ओहम १० वॅट एकाच दुकानात होते, तेही मोजून तीन. पुण्याला लग्न होतं, अक्षता पडल्यावर इलेक्ट्रॉनिक सामानाची तपकीर गल्ली गाठली. सिमेंटचे पांढरे रोधक, वीस घेतले. टॉगल स्विच, काचेचा फ्यूज आणि होल्डर, ०.१ ओहम ५ वॅटचेही काही नग (मीटरला समांतर लावायच्या लहान रोधासाठी, म्हणजे शंटसाठी), आणि एक काट्याचा पॅनल मीटर, १ मिलिअँपिअरचा. काट्याचा का, असं दुकानदाराने विचारलं. डिजिटल स्वस्त पडतो म्हणाला. खरंय. पण करंट वाढताना काटा चढतो ते शेवटच्या बाकावरून दिसतं, आणि मीटरच्या आत काय आहे ते उघडून दाखवता येतं.

१२ मार्च

नग मोजले. अंगावर छापलेल्या ‘जे’ अक्षराचा अर्थ अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे ४४.६५ ते ४९.३५ मधलं काहीही चालतं. मल्टिमीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.३ ओहम आधी वजा केला. वीसही नग ४६.२ ते ४७.५ मध्ये निघाले, सरासरी ४६.८. एकाच लॉटचे असावेत. जुळवाजुळव करत बसलो नाही. हाताला येतील ते पंधरा घेतले. सगळे समांतर मिळून आता ३.१२ ओहम धरायचे.

१८ मार्च

दहावीचं केंद्र काल मोकळं झालं, प्रयोगशाळा परत मिळाली.

बैठक म्हणून बाथरूमच्या उरलेल्या टाइलचा तुकडा. लाकडी फळीवर बसवायला मामा तयार होते (आमचे प्रयोगशाळा परिचर), पण हे रोधक आपल्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी वॅटवरही हात लावू देत नाहीत. त्यामुळे टाइल, आणि रोधक टाइलपासून बोटभर वर, पाय लांब ठेवून. पाय आखूड कापले तर उष्णता सोल्डरच्या जोडापर्यंत पोचते आणि जोड कालांतराने ढिला होतो.

दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घराच्या वायरिंगच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या, इन्सुलेशन सोलून. आठच्या गटात पहिल्या नगाला पूर्ण व्होल्ट आणि शेवटच्याला कमी असं होईल का, हे मामांनीच विचारलं. रास्त प्रश्न. असं तांबं मीटरला सुमारे ०.००७ ओहम. दोन नगांमध्ये २ सेंटिमीटर, म्हणजे ०.०००१४ ओहम. पहिल्या तुकड्यातून सात नगांचा करंट, दुसऱ्यातून सहांचा, असं करत शेवटच्यातून एकाचा. सात ते एकची बेरीज २८, गुणिले ०.२५५ अँपिअर, गुणिले ०.०००१४: एक मिलिव्होल्ट. बारा व्होल्टांत एक मिलिव्होल्ट. धन एका टोकाकडून आणि ऋण दुसऱ्या टोकाकडून आणलं तर हाही फरक बराच मिटतो. बॅटऱ्या समांतर जोडणारे तसंच करतात आणि तिथे ते करायलाच हवं. इथे नको. सोडून दिलं.

स्विचबद्दल एक गोष्ट. घरातले ६ अँपिअरचे स्विच एसीचे असतात. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत तशी सवड नसते. १२ व्होल्टला फारसा फरक पडत नाही, तरी टॉगल घेताना डीसीचा आकडा बघूनच घेतले.

बॅटरीकडे जाणाऱ्या वायरी सध्या कपाटात होत्या त्याच: ०.५ चौरस मिलिमीटर, मीटर-मीटरभर, टोकाला मगरचिमटे.

२२ मार्च

पहिली चाचणी. बॅटरी दोन वर्षं जुनी, रात्रभर चार्ज करून दोन तास ठेवलेली, १२.६२ व्होल्ट. मल्टिमीटर दोन: एक १० अँपिअरच्या रेंजवर एकसर, दुसरा व्होल्टवर मोकळा. नववीतल्या दोघी आकडे लिहायला.

फक्त पहिला स्विच. बॅटरीच्या टोकांवर १२.५८. अपेक्षा १२.५८ भागिले ४६.८, म्हणजे ०.२६९ अँपिअर. मीटर ०.२६८. उत्तम.

चारही स्विच. बॅटरीच्या टोकांवर १२.१८. अपेक्षा १२.१८ भागिले ३.१२, म्हणजे ३.९० अँपिअर. मीटर ३.६६.

सहा टक्के कमी. रोधक मोजलेले आहेत, व्होल्ट समोर दिसताहेत, मग कमी का? पोरींपैकी एक म्हणाली, “सर, मीटर खोटा बोलतोय.” दुसरीने काही न बोलता व्होल्टच्या मल्टिमीटरचे टोकदार खिळे उचलून रोधकांच्या पट्ट्यांवर लावले. ११.४२. आणि ११.४२ भागिले ३.१२ बरोब्बर ३.६६.

म्हणजे मीटरही खरा आणि गणितही खरं. खोटं होतं ते एवढंच की मी भागाकारात बॅटरीवरचे व्होल्ट घेतले आणि रोधकांना मिळत होते पट्ट्यांवरचे. समांतर जोडणीत ‘सगळ्यांवर सारखे व्होल्ट’ हे वाक्य दोन बिंदूंपुरतंच खरं असतं, आणि ते बिंदू कुठले हे आकृतीत रेघ ओढून भागत नाही. आकृतीतल्या रेघेला रोध नसतो. वायरीला असतो.

मधले ०.७६ व्होल्ट गेले कुठे, ते मग एकेक तुकड्यावर खिळे टेकवून शोधलं. चारही स्विच चालू ठेवून, भराभर:

धन वायर ०.१३, ऋण वायर ०.१३, एक चिमटा ०.२०, दुसरा ०.०९, फ्यूज आणि होल्डर ०.०९, करंटचा मल्टिमीटर त्याच्या वायरींसकट ०.१२. बेरीज ०.७६. हिशेब लागला. स्विचांवर दहा-वीस मिलिव्होल्ट, ते धरले नाहीत.

वायरीचा आकडा आधीही काढता आला असता: ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याला मीटरमागे ०.०३४५ ओहम, गुणिले ३.६६, झाले ०.१२६ व्होल्ट. चिमट्याचा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यात सापडत नाही. वायर नुसती पिळून दाबलेली होती, तेवढ्या जोडात वायरीपेक्षा जास्त व्होल्ट खर्ची पडत होते.

सगळं मिळून ०.७६ भागिले ३.६६, ०.२१ ओहम. पहिल्या स्विचला, ४६.८ ओहमपुढे, हा रोध अर्ध्या टक्क्याच्याही आत होता, म्हणून दिसला नाही. पंधरा रोधक मिळून ३.१२ वर आले तेव्हा तोच सहा टक्क्यांच्या वर गेला. समांतर शाखा वाढवत नेल्या की गटाचा रोध उतरत जातो आणि बाहेरचा, सगळ्यांना सामाईक असलेला रोध आहे तिथेच राहतो.

यातून पुस्तकातलं आणखी एक वाक्य डगमगलं: एक शाखा चालू-बंद केल्याने दुसऱ्या शाखेच्या करंटवर परिणाम होत नाही. पहिल्या रोधकातून आधी ०.२६८ अँपिअर जात होते. बाकीचे स्विच टाकल्यावर ११.४२ भागिले ४६.८, ०.२४४. शेजारी वाढले तसा त्याचा वाटा घटला. पोरींना हे नवीन नव्हतं, फक्त धड्याशी जोडलेलं नव्हतं. वस्तीवरची एक म्हणाली, “आमच्याकडं मोटर चालू केली की बल्ब बसतो.” तोच परिपथ. बल्ब आणि मोटर समांतर, आणि डीपीपासून वस्तीपर्यंतची तार दोघांना सामाईक. डीपीशेजारच्या घरात हे जाणवत नाही, लाइनच्या शेवटच्या घरात जाणवतं. मोटर सुरू होताना चालू मोटरच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून बल्ब आधी एकदम बसतो आणि मग थोडा सावरतो.

बॅटरीचे १२.५८ वरून १२.१८ झाले, तो ०.४० व्होल्टचा खड्डा वायरीचा नाही, बॅटरीच्या पोटातला आहे. ०.४० भागिले करंटमधला फरक ३.३९: ०.१२ ओहम. आपल्याला बॅटऱ्यांबद्दल हवा आहे तो आकडा हाच.

२५ मार्च

वायरी बदलल्या. २.५ चौरस मिलिमीटर, अर्धा-अर्धा मीटर, टोकाला बॅटरीच्या चपट्या टॅबवर बसणारे लग, नीट क्रिंप केलेले. करंटचा मल्टिमीटर काढला. बाहेरचा रोध आता ०.०४ ओहमच्या आत, त्यातला निम्म्याहून जास्त फ्यूज आणि होल्डरचा.

२९ मार्च

मीटर. यात सगळी गंमत आहे, म्हणून सविस्तर.

काट्याचा मीटर १ मिलिअँपिअरला पूर्ण चढतो. आपल्याला ५ अँपिअर दाखवायचे. उरलेले ४.९९९ अँपिअर बाजूने काढून द्यायचे, मीटरला समांतर असलेल्या एका फार लहान रोधातून, म्हणजे शंटमधून. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफने १८४५ साली, विद्यार्थी असतानाच, जो सांध्याचा नियम मांडला तो इथे नागडा दिसतो: सांध्यात ५ अँपिअर आले, ४.९९९ एका वाटेने गेले, ०.००१ दुसऱ्या. काट्याला हलवणारा हिस्सा पाच हजारांतला एक.

त्यासाठी मीटरच्या आतल्या, काटा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा रोध माहीत हवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून थेट लावायचा नाही. तो स्वतः करंट सोडतो आणि नाजूक काटा टोकाला आपटतो. बारावीच्या प्रयोगात करतात ती अर्धविचलन पद्धत वापरली. ९ व्होल्ट पुरवठा, एकसर एक मोठा बदलता रोध, काटा बरोबर शेवटच्या खुणेवर आणला. तेव्हा तो रोध ८९४० ओहम होता. मग मीटरला समांतर रोधपेटी लावून काटा निम्म्यावर येईपर्यंत कमी करत नेली. ५९.६ ओहमवर काटा निम्म्यावर. दोन वाटांत करंट निम्मा-निम्मा झाला, म्हणजे दोघांचा रोध सारखा, असं पटकन म्हणता येतं. नेमकं म्हणायचं तर नाही, कारण रोधपेटी लावल्याने एकूण रोध थोडा उतरतो आणि एकूण करंट थोडा वाढतो. त्याची दुरुस्ती: ८९४० गुणिले ५९.६, भागिले त्यांची वजाबाकी. ६०.० ओहम. मोठा रोध पुरेसा मोठा असला की दुरुस्ती एक टक्क्याच्या आतच राहते.

आता गुंडाळीवर पूर्ण काट्याला ६० ओहम गुणिले १ मिलिअँपिअर, म्हणजे ६० मिलिव्होल्ट. शंटवर ५ अँपिअरला ६० मिलिव्होल्ट पडायला हवेत, म्हणजे ०.०१२ ओहम. माझ्याकडे ०.१ ओहमचे नग आहेत. आठ समांतर केले तर ०.०१२५. जवळपास. वरचे अडीच मिलिव्होल्ट पचवायला मीटरला एकसर अडीच ओहम. जमतं.

पण तसं केलं नाही. गुंडाळी तांब्याची आहे, आणि तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला ०.३९ टक्के वाढतो. शंट मात्र तितका बदलत नाही. म्हणजे खोली तापली की करंटची वाटणी बिघडते: मीटरच्या वाटेचा रोध वाढला, त्याचा हिस्सा घटला, काटा कमी दाखवणार. बार्शीत मार्चच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी वीस-वीस अंशांचा फरक असतो. यावर जुना इलाज असा की मीटरला एकसर असा रोध जोडायचा जो तापमानाने हलत नाही. एडवर्ड वेस्टनने मँगनिन हा मिश्रधातू शोधला आणि चांगल्या मीटरांत तो त्यासाठीच बसला. मग गुंडाळीचा बदल एकूण रोधात पातळ होतो. त्याची किंमत म्हणजे शंटवर जास्त व्होल्ट खर्च करावे लागतात.

म्हणून आठाऐवजी चारच नग समांतर घेतले: ०.०२५ ओहम. ५ अँपिअरला १२५ मिलिव्होल्ट. मीटरची वाट आता १२५ ओहमची हवी, म्हणजे ६० च्या पुढे ६५ ओहम एकसर. मँगनिन इथे कुठून आणणार, साधा मेटल फिल्म रोधक पुरतो. ६५ चा नग नसतो. ६८ ला १५०० समांतर लावला: ६८ गुणिले १५०० भागिले १५६८, ६५.०५. लहान रोधाला खूप मोठा रोध समांतर लावणं म्हणजे किंचित खाली उतरवणं. किती उतरेल हे तोंडीही कळतं, ६८ हा १५०० च्या साडेचार टक्के, म्हणून साधारण साडेचार टक्के खाली. प्रीसेट, म्हणजे स्क्रूने बदलता येणारा छोटा रोध, लावला असता तर स्क्रू फिरवून झालं असतं, पण प्रीसेट पोरांच्या हाताने फिरतो.

शंटवर १२५ मिलिव्होल्ट जातात याचा अर्थ बाहेरच्या रोधात आणखी ०.०२५ ओहमची भर. ती आता माहीत असलेली भर आहे, त्यामुळे तक्रार नाही.

३१ मार्च

काल पाडवा, आज शंटची जोडणी.

२२ तारखेला जो धडा ०.२१ ओहमने दिला तो इथे हजारपट कडक आहे. ४७ ओहमच्या शेजारी वायरीचा रोध काहीच नाही, ०.०२५ ओहमच्या शेजारी वायर म्हणजेच रोधक. मीटरच्या दोन तारा शंटच्या अंगावरून न घेता मुख्य वायरीवर पाच सेंटिमीटर पलीकडून घेतल्या, आणि ती वायर ०.५ ची असली, तर ०.००१७ ओहम मोजणीत घुसतात. सात टक्के. म्हणून मुख्य करंटच्या तारा वेगळ्या आणि मीटरच्या तारा वेगळ्या, शंटच्या टोकांनाच सोल्डर केलेल्या, आतल्या बाजूने. चारही नगांची टोकं एका गुच्छात पिळून एकत्र, म्हणजे कुणाला वाट लांब पडू नये.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. मीटरची तार निसटली तर काटा शून्यावर बसतो, बस्स. पण शंटचाच जोड सुटला तर त्याच्या वाटेचे सगळे अँपिअर मीटरमधून जायला बघतात आणि गुंडाळी जळते. त्यामुळे मुख्य तार आधी शंटला घट्ट, मीटर त्याच्यावरून डोकावणारा. मीटरच्या टर्मिनलवर मुख्य तार आणायचीच नाही.

मोजपट्टीवर ० ते १ छापलेलं आहे. ० ते ५ चा कागद कापून चिकटवला. मल्टिमीटरशी ताडून बघितलं: १ अँपिअरला फरक दिसत नाही, ३.७ ला काटा रेघेच्या जाडीइतका इकडे-तिकडे. सकाळी खोली २६ अंश.

५ एप्रिल

नववीचा तास. स्विच टाकण्याआधी प्रत्येकाने वहीत करंट लिहायचा, मग टाकायचा.

सर्वांत चिवट समज अपेक्षेप्रमाणे हाच: बॅटरीच्या जवळच्या रोधकाला आधी करंट मिळतो आणि उरलेला पुढे जातो. वर्गातल्या बऱ्याच जणांना असंच वाटत होतं. आठच्या गटातल्या पहिल्या आणि शेवटच्या नगावर व्होल्ट मोजून दाखवले. मल्टिमीटरच्या दोन दशांश घरांत फरकच नाही. मग पट्टीचं एक मिलिव्होल्टचं गणित फळ्यावर केलं, म्हणजे ‘फरक नाही’ याला ‘इतका लहान आहे’ असा अर्थ यावा.

१.७५ अँपिअर कसे आणाल? सात नग, म्हणजे १, २ आणि ४ चे स्विच. दोघांनी ते लगेच ओळखलं, कारण संगणकाच्या तासाला द्विमान पद्धत नुकतीच झाली होती. बाकीचे बेरीज-वजाबाकीने पोचले, तेही चालतं.

एक प्रश्न चांगला आला: पंधरांच्या जोडीला एक हजार ओहमचा रोधक समांतर लावला तर एकूण रोध वाढेल ना, एवढा मोठा आला म्हणून? तोंडी सोडवला. बारा व्होल्टला तो १२ मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एकूण करंट तेवढा वाढला. करंट वाढला, व्होल्ट तेच, तर रोध घटलाच पाहिजे. समांतर जोडलेला कितीही मोठा रोध एकूण रोध वाढवू शकत नाही, कारण तो आणखी एक वाटच देतो. सूत्राने हे दिसत नाही, करंट मोजत गेलं की दिसतं.

११ एप्रिल

दुपारी खोलीत ४० अंश, वर पत्रा. मल्टिमीटर ३.७०, काटा ३.६०. अंदाज: १४ अंश गुणिले ०.३९, गुणिले ६० भागिले १२५, म्हणजे २.६ टक्के. बरोबर तेवढाच. आठ नगांचा शंट केला असता तर पाच टक्क्यांच्या वर गेला असता. कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवलं: ‘उन्हाळ्यात दुपारी २-३ टक्के कमी दाखवतो.’ बॅटरी तपासायला एवढं चालतं.

१२ एप्रिल

बॅटऱ्या. तीनही रात्रभर चार्ज करून, दोन तास विश्रांती देऊन, मग चारही स्विच, दहा सेकंदांनी व्होल्ट.

पहिली: १२.७० वरून १२.४९.
दुसरी, म्हणजे २२ मार्चला वापरलेली: १२.६२ वरून १२.१७.
तिसरी: १२.५५ वरून १०.१, आणि थांबायला तयार नाही, खाली सरकतच होती. स्विच काढले.

तिसरीचा करंट ३.२ अँपिअर भरला, म्हणजे पोटातला रोध २.४५ भागिले ३.२, पाऊण ओहमच्या वर. पहिलीचा ०.०५ च्या आसपास. बिनलोड तिघींत जेमतेम दीड दशांश व्होल्टाचा फरक होता.

यूपीएसमध्ये बॅटऱ्या एकसर आहेत, त्यामुळे तिसरीचा रोध सगळ्यांच्या वाटेत बसतो. दोन चांगल्या असून उपयोग नाही. तिसरी बदलायची, जुनी दुकानात परत द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी कंपनीने परत घ्यायची आहे, आणि शिशाला पैसेही मिळतात, भंगारवाल्याकडे टाकायचं कारण नाही. दुसरी अजून वर्षभर चालेल, पण नव्या बॅटरीच्या जोडीला जुनी बसवणं मला पटत नाही. मुख्याध्यापकांकडे तिघींचीही मागणी लिहून दिली आहे. एकच मिळेल असं दिसतंय.

१६ एप्रिल

खोक्यावर चिठ्ठी: ‘फक्त १२ व्होल्ट. सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. रोधकांना हात लावू नये. फ्यूज ५ अँपिअर, याहून मोठा घालू नये.’

फ्यूज होल्डर बदलायचा राहिला. शंट सोडला तर बाहेरच्या रोधात आता सर्वांत मोठा हिस्सा त्याचाच आहे, आणि पाऊण तास चाचण्या केल्यावर तो कोमट लागतो. पितळी क्लिपांचा, चांगल्या दाबाचा होल्डर कुणी पुण्याला गेलं तर आणायला सांगणार आहे.